फोनवरची मुलाखत: कोकणातल्या घरातून बोलताना

मुंबई-पुण्याच्या कंपन्या हल्ली उमेदवाराला थेट कार्यालयात न बोलावता आधी फोनवर पंधरा-वीस मिनिटे बोलून घेतात, आणि कोकणातल्या उमेदवारासाठी ही मोठीच सोय आहे. रत्नागिरीहून मुंबई रस्त्याने सुमारे ३४० किलोमीटर, सावंतवाडी तर त्याहूनही पुष्कळ लांब. अर्ध्या तासाच्या भेटीसाठी दोन रात्री गाडीत काढायच्या, नातेवाइकांकडे उतरायचे आणि "कळवतो" एवढेच ऐकून परतायचे, हा प्रकार ज्यांनी अनुभवला आहे त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र घरबसल्या होते म्हणूनच ही मुलाखत हलक्यात घेतली जाते.

माझी स्वतःची पहिली फोनवरची मुलाखत मी राजापूर तालुक्यातल्या घराच्या पडवीत बसून दिली. जुलै महिना होता, पडवीवर पत्रे होते, आणि पलीकडच्या बाईंनी तिसऱ्यांदा "जरा मोठ्याने बोला" म्हटल्यावर मी इतका ओरडू लागलो की शेजारचे काका काय झाले ते पाहायला छत्री घेऊन आले. ती नोकरी मिळाली नाही. पुढे एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करताना मलाच असे फोन करावे लागले, तेव्हा पलीकडच्या माणसाची अडचण कळली. त्याच्यासमोर नावांची लांब यादी असते आणि संध्याकाळपर्यंत त्याला ती पाच-सहा नावांवर आणायची असते. फोनवर निवड होत नाही, गाळणी होते. म्हणून या संभाषणात नोकरी मिळवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा, आपले नाव खोडायला कारण मिळू नये आणि लक्षात ठेवायला एक तरी कारण मिळावे, एवढाच हेतू ठेवावा. पुढील सर्व सूचना या एका हेतूने दिल्या आहेत.

आधी जागा शोधावी

आपल्याकडे या तयारीची सुरुवात अभ्यासापासून नव्हे, जागेपासून करावी लागते. कोकणातली गावे बहुधा खाडीच्या काठाला नाहीतर दोन डोंगरांमधल्या खोलगट भागात वसलेली असतात आणि डोंगराआड मोबाइलच्या लहरी नीट पोहोचत नाहीत. त्यामुळे वाडीत रेंजची एक काडी दिसते आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर, गेले की चार दिसतात. जांभ्या दगडाच्या जाड भिंतीही लहरी अडवतात, म्हणून माजघरापेक्षा ओटीवर आणि ओटीपेक्षा खळ्यात आवाज स्पष्ट येतो. हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि म्हणूनच बरेच जण ऐन वेळी फोन घेऊन सड्याकडे धावतात.

सडा हा उपाय दिसतो तितका चांगला नाही. तिथे वारा असतो. माइकच्या बारीक भोकावर वारा आदळला की पलीकडच्याला सतत घोंघों आवाज ऐकू येतो. तुम्हाला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तुमच्या कानात फक्त त्याचा आवाज येत असतो. सड्यावर जावेच लागले तर काचा वर केलेल्या चारचाकीत बसून बोलावे. कोणाची तरी गाडी तासाभरासाठी मागून घेण्यात कमीपणा नाही. रिक्षाचा उपयोग नाही, कारण ती दोन्ही बाजूंनी उघडी असते. देवळाचा सभामंडप शांत असला तरी तिथे आवाज घुमतो, आणि एसटी स्टँडवर तर दर दोन मिनिटांनी गाडी लागल्याची घोषणा होते.

पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नये, हे मी माझ्या अनुभवावरून सांगितलेच आहे. कौलारू छपराखाली पावसाचा आवाज कमी येतो आणि स्लॅबखाली त्याहूनही कमी. घर पत्र्याचेच असेल तर तालुक्याच्या गावातल्या मित्राकडे किंवा परिचिताच्या कार्यालयात एका खोलीची व्यवस्था आदल्या दिवशीच करावी. विजेचाही विचार करावा, कारण मोबाइलचा टॉवर विजेवरच चालतो आणि त्याची बॅटरी काही तासांपुरतीच पुरते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागात विजेबरोबर फोनही कितीतरी दिवस बंद होते. एवढे मोठे संकट नेहमी येत नसले तरी जोराचा वारा सुटला की चार तास लाईट जाणे ही आपल्याकडे बातमीसुद्धा होत नाही. देखभालीसाठी वीज बंद राहणार असेल तर महावितरणचा एसएमएस येतो. मुलाखतीच्या आठवड्यात तो न वाचता पुसून टाकू नये.

घरी फायबरची जोडणी असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करून पाहावे. भारतात ही सोय २०१९ च्या अखेरीपासून मिळू लागली. तिच्यामुळे नेहमीच्याच नंबरवरचा नेहमीचा कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जातो, आणि ज्या घरात रेंजच नाही तिथूनही स्वच्छ बोलता येते. लाईट गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून राउटरपुरता लहान यूपीएस बसवून घ्यावा. घरात इन्व्हर्टर असल्यास प्रश्नच नाही.

जागा ठरली की आदल्या दिवशी, मुलाखतीच्याच वेळेला, त्याच खुर्चीत बसून मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाशी दहा मिनिटे बोलून पाहावे. हा कॉल व्हॉट्सअ‍ॅपवरून करू नये, साधा करावा, कारण दोन्हींचे मार्ग वेगळे असतात आणि एक नीट चालला म्हणून दुसरा चालेलच असे नाही. "ऐकू येतंय का?" असे विचारले तर नातेवाईक "हो" म्हणून मोकळे होतात; त्याऐवजी एखादा पत्ता किंवा दहा आकडे सांगून ते त्यांना पुन्हा म्हणून दाखवायला सांगावे.

फोन आणि त्यातले आवाज

मनुष्यबळ विभागाचा पहिला फोन बहुधा न सांगताच येतो. अर्ज केल्यानंतरच्या दिवसांत अनोळखी नंबर कापू नयेत. १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातवाल्यांचे असतात, ते सोडले तरी चालतील. हाताशी काम असेल, म्हणजे तुम्ही होडीवर, कलमाच्या झाडावर किंवा दुचाकीवर असाल, तर कसेबसे बोलत राहण्यापेक्षा "नमस्कार, आपल्या फोनची मी वाट पाहत होतो, सध्या बाहेर आहे, अर्ध्या तासाने बोलता येईल का?" असे विचारणे केव्हाही चांगले. अशी विनंती क्वचितच कोणी नाकारतो. तुम्ही उलट फोन लावला आणि तो कंपनीच्या मुख्य नंबरवर गेला, तर ऑपरेटरला तुम्ही कोण हे कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून पहिल्या बोलण्यातच समोरच्याचे नाव आणि विभाग विचारून लिहून घ्यावा. कॉलर ट्यून लावली असेल तर ती काढून टाकावी. ज्याला दिवसभरात चाळीस फोन करायचे आहेत त्याला तुमचे आवडते गाणे ऐकायचे नसते.

नेहमीच्या कॉलमध्ये माणसाचा पूर्ण आवाज पलीकडे जात नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या टेलिफोन पद्धतीत साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पुढे पाठवला जातो. बोलण्यातला आशय त्यात मावतो, पण 'स', 'श', 'फ' यांसारख्या वर्णांना ओळख देणारा बराचसा भाग त्या पट्ट्याच्या वर असतो आणि तो गाळला जातो. ४जी वर व्होल्टी, म्हणजे ४जी च्याच जाळ्यावरून कॉल जाण्याची सोय, सुरू असेल आणि दोन्हीकडे तशी सोय असेल तर हा पट्टा दुपटीने रुंद होतो व आवाज समोर बसल्यासारखा येतो. सेटिंगमध्ये व्होल्टी बंद असेल तर ते सुरू करावे. तरीही ईमेलचा पत्ता सांगताना 'एस' आणि 'एफ', 'एम' आणि 'एन', 'बी' आणि 'डी' यांचा घोटाळा होतोच. एस म्हणजे सावंतवाडीचा, एम म्हणजे मालवणचा, डी म्हणजे दापोलीचा, असे सांगितले की प्रश्न सुटतो, आणि ऐकणाऱ्याला तुम्ही कुठले तेही कळते. आकडे एकेक करून सांगावेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक फोनवर हरवायला वेळ लागत नाही.

स्पीकरवर ठेवून बोलू नये, कारण त्यामुळे खोलीतला प्रत्येक आवाज पलीकडे जातो. वायरचा साधा इअरफोन सर्वांत भरवशाचा. त्याची बॅटरी संपत नाही आणि दोन्ही हात लिहायला मोकळे राहतात. फक्त त्याचा माइक शर्टाच्या बटणावर घासत नाही ना, ते पाहावे. फोन पूर्ण चार्ज करून ठेवावा आणि त्या तासाभरात कोणी फोन करू नये असे घरच्यांना व मित्रांना सांगून ठेवावे. कोंबडे, कुत्रे आणि मिक्सर यांचा बंदोबस्त ज्याने त्याने आपल्या परीने करावा.

मोबाइलवरच्या आवाजाला पलीकडे पोहोचायला किंचित वेळ लागतो. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब संभाषणाला बाधक होत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मानक सांगते. रेंज अशक्त असली की विलंब याहून वाढतो आणि दोघेही एकदम बोलू लागतात. प्रश्न संपल्यावर मनातल्या मनात एक आकडा मोजून मग उत्तराला सुरुवात केली की ही ठेच टळते, आणि तेवढ्यात विचारही जुळतो.

टेबलावर काय असावे

या मुलाखतीत कागद समोर ठेवून बोलता येते, ही समोरासमोरच्या मुलाखतीत न मिळणारी सवलत आहे. तिचा पुरेपूर लाभ घ्यावा, पण वाचून दाखवू नये. वाचणाऱ्याचा आवाज सपाट होतो आणि तो लगेच ओळखू येतो. आपला बायोडेटा, नोकरीची जाहिरात आणि एक स्वतंत्र पान एवढे पुरे. त्या पानावर कंपनी काय बनवते, तिचा कारखाना किंवा कार्यालय कुठे आहे, जाहिरातीत मागितलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर आपल्याकडचा एकेक प्रसंग, आणि शेवटी विचारायचे दोन प्रश्न, एवढे मोठ्या अक्षरांत लिहावे. पूर्ण वाक्ये लिहू नयेत, केवळ शब्द लिहावेत. बाजूला पेन आणि कोमट पाणी असावे.

उत्तरे

पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "स्वतःबद्दल थोडे सांगा." त्यावर अनेक उमेदवार गाव, तालुका, वडिलांचा व्यवसाय, भावंडे आणि दहावीचे टक्के या क्रमाने जातात, आणि मुद्द्याची गोष्ट येईपर्यंत ऐकणारा दुसऱ्या बायोडेटाकडे वळलेला असतो. हे उत्तर एका मिनिटाच्या आत संपवावे आणि त्यात सध्या काय करता, त्यात विशेष काय केले आणि हीच नोकरी का मागता, या तीनच गोष्टी असाव्यात. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत काम करणारा एखादा पदवीधर असे सांगू शकेल:

"मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले आहे. गेली दोन वर्षे लोट्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. कच्च्या मालाचे नमुने घेणे, ओलावा व पीएच पाहणे, टायट्रेशन करून नोंद ठेवणे हे माझे रोजचे काम आहे. नोंदवहीत खाडाखोड फार होत होती म्हणून गेल्या वर्षी मी एक छापील तक्ता तयार केला; तो आता तिन्ही पाळ्यांत वापरतात. आपल्या जाहिरातीत एचपीएलसीचा अनुभव मागितला आहे. ते यंत्र मी सहा महिने वरिष्ठांच्या देखरेखीखाली चालवले आहे आणि ते काम पूर्ण वेळ करायला मिळावे म्हणून अर्ज केला आहे."

यात कोठेही "मी मेहनती आहे" असे वाक्य नाही. छापील तक्त्याची गोष्ट ते काम आपोआप करते.

यापुढचे प्रश्न बहुधा प्रसंगांवरचे असतात. "नाराज ग्राहकाला तुम्ही कसे हाताळले?" किंवा "एखादे काम वेळेत होत नव्हते तेव्हा काय केले?" असे विचारले की आपल्याकडची मुले गप्प होतात, कारण कार्यालयात झालेले कामच तेवढे अनुभव म्हणून सांगायचे असते, अशी त्यांची समजूत असते. माझ्या मते कोकणातल्या उमेदवाराची सर्वांत मोठी चूक हीच आहे. ज्या मुलीने घरच्या बागेतल्या आंब्याचे दोन हंगाम सांभाळले आहेत तिने मालाची प्रतवारी केली आहे, पेट्या भरून घेतल्या आहेत, वाशीच्या मार्केटला जाणारी गाडी आणि थेट ग्राहकांची मागणी यांचा मेळ घातला आहे, हिशेब ठेवला आहे आणि तक्रारी ऐकल्या आहेत. एखाद्या कंपनीत या कामांसाठी चार वेगवेगळी माणसे असतात. पण बायोडेटात याचा उल्लेख नसतो आणि फोनवर विचारले तर उत्तर येते, "नाही, तसा अनुभव काही नाही, घरचंच काम करते."

तेच घरचे काम असे सांगता येईल: "गेल्या मे महिन्यात पुण्याच्या एका ग्राहकाने चार डझनांच्या पेटीत पाच आंबे साक्याचे, म्हणजे आतून खराब, निघाल्याची तक्रार केली. साका फळ कापल्याशिवाय दिसत नाही, तो बाहेरून ओळखता येत नाही, हे मी त्यांना सांगितले, पण वाद घातला नाही. कापलेल्या फळांचे फोटो मागवले आणि पुढच्या गाडीने एक डझन बदली आंबे पाठवले. ती पेटी कोणत्या कलमांची होती ते आमच्या नोंदीत होते, म्हणून त्या कलमांची काही फळे दुसऱ्या दिवशी कापून पाहिली आणि तो माल ग्राहकांना पाठवायचे थांबवून कॅनिंगला दिला. त्या ग्राहकाने त्याच हंगामात आणखी दोन पेट्या घेतल्या." उत्तरातला क्रम पाहावा: काय घडले, त्यात माझ्यावर काय येऊन पडले, मी काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले. हा क्रम अंगवळणी पडला की मालवणच्या होमस्टेमध्ये चुकलेले बुकिंग असो, काजूच्या कारखान्यात बंद पडलेला ड्रायर असो किंवा गावच्या नळपाणी योजनेचा हिशेब असो, कोणताही प्रसंग दीड मिनिटात सांगता येतो. असे चार-पाच प्रसंग आधीच निवडून त्या पानावर एकेका शब्दात लिहून ठेवावेत.

सांगताना "आम्ही" फार येऊ देऊ नये. आपल्याकडे स्वतःचे कौतुक करणे वाईट समजतात आणि ते गावात योग्यच आहे. पण फोनवरच्या माणसाला सर्वांना मिळून नव्हे, तुम्हाला एकट्याला नोकरी द्यायची असते. "आम्ही सगळ्यांनी मिळून केले" असे म्हटले की पुढचा प्रश्न "त्यात तुम्ही काय केले?" हाच येतो.

कोकणी बोलण्याबद्दलही लिहायला हवे. आपले बोलणे आखूड आणि थोडे तिरकस असते, आणि त्यातली अर्धी गंमत चेहऱ्यावर असते. "एवढ्या लांबची नोकरी का बघता?" या प्रश्नावर "मग काय करायचं?" हे उत्तर हसून दिले तर समोर बसलेला माणूसही हसेल, फोनवर मात्र तो उर्मटपणा वाटतो. "बघू", "करू काहीतरी" ही आपली साधी उत्तरे फोनवर टाळाटाळ ठरतात. मान डोलावणे पलीकडे दिसत नाही, म्हणून समोरचा माणूस लांब काही समजावत असेल तेव्हा मधूनमधून "हो", "समजले" असे म्हणावे, नाहीतर तो "हॅलो, आहात ना?" असे विचारत राहतो. मालवणी किंवा संगमेश्वरी हेल लपवायची मात्र गरज नाही. हेलामुळे कोणी नाव खोडत नाही. वेग फार असला तर खोडतो, कारण त्याला काही कळलेले नसते. भाषा कोणती हे पहिल्या वाक्यात ओळखावे आणि त्याच भाषेत उत्तर द्यावे. इंग्रजीची सवय नसेल तर लहान वाक्ये वापरावीत आणि एखादा शब्द अडला तर "हे हिंदीत सांगितले तर चालेल का?" असे सरळ विचारावे. अडखळत, चुकीचा अर्थ निघेल असे बोलण्यापेक्षा ते बरे.

सराव मोठ्याने करावा. मनातल्या मनात केलेला सराव फोनवर उपयोगी पडत नाही. फोनमधल्या रेकॉर्डरवर आपले उत्तर घेऊन ऐकावे. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, पण "म्हणजे" आणि "अ‍ॅक्च्युअली" किती वेळा येतात ते दुसरे कोणी इतक्या प्रामाणिकपणे सांगणार नाही. प्रत्यक्ष बोलताना पाठ ताठ ठेवून बसावे किंवा उभे राहावे. पलंगावर लोळून बोलणाऱ्याचा आवाज दबलेला येतो.

मध्येच कॉल तुटला तर

तो तुटणार असे धरूनच चालावे. सुरुवातीलाच, नमस्कार झाल्यावर, "मी रत्नागिरी जिल्ह्यातून बोलतो आहे, रेंजमुळे कॉल तुटला तर मी आपल्याला याच नंबरवर लावू की आपण लावाल?" असे विचारून घ्यावे. हा प्रश्न विचारणारा उमेदवार विचारी वाटतो, आणि पुढे दोघेही एकमेकांना एकाच वेळी फोन लावत बसून दोघांनाही "व्यस्त आहे" असे ऐकावे लागण्याची वेळ येत नाही. काही ठरले नसेल तर ज्याने फोन केला त्यालाच दोन मिनिटे द्यावीत, मग आपण लावावा, आणि तोही लागला नाही तर नाव व पदाचा उल्लेख करून एक संदेश पाठवावा. दुसऱ्या कंपनीचे सिम असेल तर तो नंबर बायोडेटात पर्यायी म्हणून दिलेला असावा. पुन्हा जोडले गेल्यावर नेटवर्कला दोष देत बसू नये. "आपण अमुक विचारत होता" असे म्हणून जिथे तुटले तिथून पुढे जावे.

प्रश्न नीट ऐकू आला नसेल तर अंदाजाने उत्तर देऊ नये. दोनदा विचारूनही कळला नाही तर "आपण पाळ्यांबद्दल विचारलेत ना?" असे आपल्याला जेवढे समजले तेवढे सांगून खात्री करून घ्यावी.

पगार, स्थलांतर आणि गणपती

पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारतात: सध्याचा पगार, अपेक्षित पगार आणि नोटीस पिरिअड, म्हणजे सध्याची नोकरी सोडताना द्यावी लागणारी मुदत. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, आणि हातात येणारा पगार यांतला फरक ठाऊक नसल्यास इथे फसगत होते. वर्षाला तीन लाख सीटीसी म्हणजे महिन्याला २५,००० हातात, असे नाही. मूळ वेतन १२,५०० धरले तर कंपनी भरते तो १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी म्हणजे १,५०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्क्यांची तरतूद म्हणजे सुमारे ६०० रुपये त्या २५,००० मध्येच मोजलेले असतात. शिवाय तुमच्या वाट्याचे १,५०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा होतात. हातात २१,२०० च्या आसपास येतात, आणि विम्याचा हप्ता सीटीसीत धरला असेल तर त्याहूनही कमी. अपेक्षा सांगण्याआधी मुंबई-पुण्यात राहणाऱ्या दोन-तीन मित्रांकडून खोलीचे भाडे, खाणावळ आणि पास यांचा खरा खर्च विचारून घ्यावा, आणि "हातात इतके मिळावेत अशी अपेक्षा आहे, सीटीसीत ते कसे बसते ते आपण सांगा" असे म्हणावे. सध्याचा पगार वाढवून सांगू नये. पुढे पगाराची स्लिप मागतात.

कोकणातल्या उमेदवाराला "इथे येऊन राहणार का आणि कुठे?" हा प्रश्न हमखास येतो, कारण महिन्याभरात गावी परतलेली माणसे त्यांनी पाहिलेली असतात. याचे उत्तर घरच्यांशी बोलून फोन येण्यापूर्वी ठरवलेले असावे. "विरारला मामा आहेत, पहिले दोन महिने तिथे राहीन, नंतर खोली घेईन" हे उत्तर पुरेसे आहे. "विचारून सांगतो" हे नाही. गणपती आणि शिमग्याच्या रजेविषयी काही साहेब चेष्टेच्या सुरात विचारतात, पण ती पूर्णपणे चेष्टा नसते. तिथे "छे, मी जात नाही" असे खोटे सांगू नये, कोणी विश्वास ठेवत नाही. "गणपतीला पाच दिवस जातो, रजा दोन महिने आधी मागतो आणि काम कोणाकडे सोपवायचे ते ठरवून जातो" हे खरे आहे आणि पटणारेही आहे.

फोनवरच कोणी नोंदणी फी, अनामत, गणवेशाचे पैसे किंवा ओटीपी मागितला तर ती मुलाखत नव्हे. प्रामाणिक कंपनी उमेदवाराकडून नोकरीसाठी पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

फोन ठेवल्यानंतर

शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे म्हणतील. "नाही" म्हणू नये. पहिल्या सहा महिन्यांत या माणसाकडून काय अपेक्षा असेल, आणि पुढची फेरी कशी व केव्हा होते, हे दोन प्रश्न कोणत्याही नोकरीला लागू पडतात. फोन ठेवल्याबरोबर काय विचारले, आपण काय सांगितले, पगाराचा कोणता आकडा दिला, हे लिहून काढावे, कारण पुढच्या फेरीत हेच पुन्हा विचारतात आणि आकडा बदललेला त्यांना चालत नाही. त्याच दिवशी दोन ओळींचा आभाराचा ईमेल पाठवावा. सांगितलेली मुदत उलटल्यावर दोन दिवस थांबून एकदा विचारणा करावी, रोज करू नये.

प्रत्यक्ष भेटीला बोलावले तर त्याच फोनवर तारखेची बोलणी नीट करावीत, कारण आपली अडचण मुंबईच्या माणसाला ठाऊक नसते. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि मे महिन्यात व गणपतीत ते कसे संपते ते आपण जाणतोच. तत्काळ तिकीट आदल्या दिवशी, वातानुकूलित डब्यांसाठी दहा वाजता आणि इतरांसाठी अकरा वाजता सुटते, म्हणून निदान तीन-चार दिवसांचा अवधी मागावा. कोकणकन्या किंवा तुतारीने रात्री निघाल्यास सकाळी मुंबई गाठता येते, पण पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात आणि एखादी दरड आली की सगळेच कोलमडते. तेव्हा सकाळी दहाची वेळ देऊ केली तर संकोच न करता "मी रात्रीच्या गाडीने येतो आहे, दुपारी बारानंतरची वेळ मिळेल का?" असे विचारावे, आणि प्रवासभाडे मिळणार असेल तर तिकीट जपून ठेवावे.